वनस्पती उद्यानात समकालीन शिल्पे : झाडांना सोबत की झाडांवर अतिक्रमण?

पळसपान (धागाकर्ता)

मोठ्या वनस्पती उद्यानांत समकालीन शिल्पांची प्रदर्शने भरवण्याची प्रथा गेल्या दोन दशकांत चांगलीच रुळली आहे. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २००५ साली डेल चिहुली यांची काचशिल्पे मांडली गेली, त्यानंतर २००७-०८ मध्ये हेन्री मूर यांची २८ शिल्पे तिथल्या हिरवळींवर आली, आणि २०२१ साली न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात यायोई कुसामा यांच्या ठिपकेदार भोपळ्यांनी व फुलांनी गर्दी खेचली. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथले इन्योचिम तर याच्याही पुढे गेले आहे. २००६ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे समकालीन कलेचे संग्रहालय २०१० पासून अधिकृत वनस्पती उद्यानही आहे. या प्रथेला माझा सरसकट विरोध नाही. माझा आक्षेप शिल्पांच्या दर्जावर नसून, त्यांच्यामुळे उद्यानाचे मूळ काम मागे पडते यावर आहे.

वनस्पती उद्यान म्हणजे सुंदर बगीचा नव्हे. संशोधन, संवर्धन, प्रदर्शन आणि शिक्षण यांसाठी जपलेला, नोंदी ठेवलेला जिवंत वनस्पतींचा संग्रह, अशी त्याची सर्वमान्य व्याख्या आहे. प्रत्येक झाडाला नोंदणी क्रमांक असतो आणि ते कुठून, केव्हा, कोणी आणले याची नोंद असते. क्यूमध्ये ‘एन्सेफालार्टोस वुडाय’ या जातीचे एक सायकॅड (ताडासारखे दिसणारे, प्राचीन वर्गातले बिनफुलांचे झाड) आहे. या जातीचे एकच नर झाड १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात सापडले आणि मादी झाड आजवर कोणालाही मिळालेले नाही. आज जगात या जातीची जेवढी झाडे आहेत, ती सगळी त्या एकाच झाडाच्या फुटव्यांपासून वाढवलेली आहेत, आणि क्यूकडे त्यांतले एक १८९९ पासून आहे. जाड खोड, वर ताठ, चकचकीत, गडद हिरव्या पानांचा झुबका, एवढेच ते दिसते. पाटी वाचली नाही तर बाजूच्या चार सायकॅडांपेक्षा त्यात वेगळे काही आहे असे वाटणारही नाही. अशा झाडाकडे पाहायला सवड आणि शांतता लागते, आणि त्याच आवारात दोन पुरुष उंचीचे रंगीत काचेचे कारंजे उभे असेल तर ती सवड कोणीच देत नाही.

म्हणून मी एक कसोटी सुचवतो. ते शिल्प तिथून उचलून शहरातल्या एखाद्या चौकात नेले, तर त्याचे काही बिघडते का? काहीच बिघडत नसेल, तर उद्यानाचा वापर केवळ हिरव्या पडद्यासारखा झाला असे समजावे. इन्योचिममध्येच याची दोन टोके पाहायला मिळतात. क्रिस बर्डन यांनी २००८ मध्ये ७१ पोलादी तुळया ४५ मीटर उंचीवरून क्रेनने ओल्या काँक्रीटच्या खड्ड्यात सोडून दिल्या आणि त्या जशा रुतल्या तशाच ठेवल्या. काम जबरदस्त आहे, पण ते एखाद्या बंद पडलेल्या बंदरातही तितकेच शोभेल. जुझेप्पे पेनोने यांचे काम मात्र वेगळे आहे. त्यांनी एका जुन्या चेस्टनट वृक्षाचा ब्राँझमध्ये ठसा घेऊन तो मुळांसकट जमिनीपासून अधांतरी धरला आहे आणि भोवती जिवंत झाडे लावली आहेत. ती झाडे वाढत जातील तसतसे ब्राँझचे झाड त्यांनीच तोलून धरले आहे असे दिसू लागेल. हे शिल्प झाडांशिवाय अपुरे आहे. अशाच कामांना वनस्पती उद्यानात जागा असावी, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील.

छिन्नी

लेख विचारपूर्वक लिहिला आहे, पण मी असहमत आहे. वनस्पती उद्यान कधीकाळी निव्वळ शास्त्रीय संग्रह होते आणि शिल्पांनी नंतर येऊन ते बिघडवले, असा एक सूर आपल्या मांडणीत आहे. इतिहास तसा नाही. १५४५ मध्ये स्थापन झालेले इटलीतले पादुआचे उद्यान हे आपल्या मूळ जागी टिकून राहिलेले सर्वांत जुने विद्यापीठीय वनस्पती उद्यान मानले जाते, आणि तिथेही राजा सॉलोमन व थिओफ्रास्टस यांचे पुतळे आहेत. व्याख्येत ‘प्रदर्शन’ हा शब्दही आपणच उद्धृत केला आहे.

आपल्या कसोटीवर मूर नापास होतात, आणि तिथेच मला कसोटीत खोट वाटते. मूर यांची शिल्पे चौकात नेता येतात आणि अनेक शहरांनी ती नेलीही आहेत. पण त्यांचे आकार आले कुठून? हाडे, गारगोट्या, समुद्राने झिजवलेले दगड त्यांनी जन्मभर गोळा केले आणि त्यांतून ते घडवत राहिले. क्यूमधले प्रदर्शन सप्टेंबरपासून मार्चपर्यंत होते, म्हणजे भोवतालची झाडे पानांनी भरलेली असताना ते सुरू झाले आणि फांद्या उघड्या पडल्यावरही चालू राहिले. आडव्या पहुडलेल्या ब्राँझच्या आकृतीतल्या पोकळीतून पलीकडचे झाड पाहावे. सुरुवातीला तिथे नुसता हिरवा गोळा दिसतो. पानगळ झाल्यावर त्याच पोकळीच्या चौकटीत खोडाची पीळ, फांदी फुटते तिथला सांधा आणि सालीवरचे व्रण दिसू लागतात, आणि ब्राँझच्या खांद्याची वळणे त्या सांध्यासारखीच आहेत हे लक्षात येते. झाडाची रचना पाहायला शिकवणारा याहून चांगला धडा कोणत्याही पाटीवर लिहिता येणार नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, झाडाभोवती फिरून त्याला सर्व बाजूंनी पाहण्याची सवय बहुतेकांना नसते. शिल्पाभोवती मात्र माणूस आपोआप फिरतो, आणि ती सवय एकदा लागली की पुढच्या वृक्षापाशीही पाय थांबतात.

खोडकीड

वर दोघेही नजरेबद्दल बोलत आहेत. मी वृक्षसंवर्धनाच्या कामाशी संबंधित असल्याने मुळांबद्दल लिहितो.

झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच बाहेर पसरलेली असतात. बांधकामाच्या वेळी झाडे जपण्यासाठी ब्रिटिश मानकात एक ढोबळ नियम आहे, तो असा की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे सोडावे. म्हणजे एक मीटर जाडीच्या खोडाभोवती बारा मीटरपर्यंत जड वाहन जाऊ नये. काही टन वजनाचे ब्राँझ हिरवळीवर आणायचे तर ट्रक येणार, क्रेन येणार, खाली पाया घालावा लागणार. प्लायवुड किंवा धातूचे पत्रे अंथरून भार विभागता येतो, आणि जबाबदार उद्याने तसे करतातही, पण ओल्या मातीत काम झाले तर माती दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. याचा परिणाम त्याच वर्षी दिसत नाही. शेंडा वाळायला लागतो तोवर प्रदर्शन संपून अनेक वर्षे लोटलेली असतात आणि दोष पावसाला किंवा बुरशीला दिला जातो.

ब्राँझवरून ओघळणाऱ्या पाण्यात तांब्याचे क्षार असतात. चौथऱ्यावर दिसणारे हिरवट ओघळ त्याचेच, आणि त्या ओघळांच्या वाटेत शेवाळ व दगडफूल सहसा वाढत नाही. हे नुकसान मोठे नाही, पण शेवाळांचा संग्रह असलेल्या भागात ते चालणार नाही. प्रदर्शनानिमित्त रात्री लावले जाणारे दिवे ही मला त्याहून गंभीर बाब वाटते, कारण रात्री परागीभवन करणारे पतंग त्याने भरकटतात.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र धागाकर्त्यांना कदाचित आवडणार नाही. बर्डन यांच्या तुळया एकदाच पडल्या आणि तिथेच राहिल्या. दर दोन वर्षांनी येणारी-जाणारी प्रदर्शने, मग ती झाडांशी कितीही अर्थपूर्ण नाते सांगणारी असोत, त्याच मातीवरून पुन्हा पुन्हा क्रेन नेतात. मुळांच्या बाजूने पाहिले तर, जागा नीट निवडलेली असल्यास, तुळया निरुपद्रवी आहेत.

अनवट

मी ना कलाकार, ना वनस्पतिशास्त्रज्ञ. उद्यानात हौसेने जाणारा एक सामान्य माणूस म्हणून लिहितो आहे.

मूळ लेखातली कसोटी प्रत्यक्षात चालत नाही, याचे उदाहरण क्यूमध्येच आहे. वुल्फगँग बट्रेस यांचे ‘द हाइव्ह’ हे १७ मीटर उंचीचे ॲल्युमिनियमचे जाळीदार शिल्प क्यूसाठी घडवलेले नव्हते. ते २०१५ च्या मिलान जागतिक प्रदर्शनातल्या ब्रिटनच्या दालनासाठी तयार झाले आणि २०१६ मध्ये क्यूमध्ये आणून रानफुलांच्या कुरणात उभे केले गेले. म्हणजे ते उचलून नेता येते हे सिद्धच झाले आहे. तरीही आत उभे राहिले की मधमाश्यांच्या खऱ्या पेटीतल्या हालचालींबरोबर शेकडो दिवे मंद-प्रखर होतात, गुणगुण चढते आणि उतरते, आणि परागीभवन हा पाठ्यपुस्तकातला शब्द अंगावर येतो. लहान मुलांना तिथून हलवणे अवघड जाते.

आणि पैशांचे काय? बियाणे जपून ठेवणाऱ्या बीजपेढ्या, वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह, काचघरांची डागडुजी यांचा खर्च तिकीटविक्रीवरही अवलंबून असतो. ते एकाकी सायकॅड पाहायला मुद्दाम येणारे लोक किती, आणि चिहुलींची काच पाहायला येऊन जाता जाता सायकॅड पाहणारे किती, याचा विचार व्हावा. केवळ जाणकारांसाठी उद्यान राखायचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

पळसपान (धागाकर्ता)

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. क्रमाने उत्तरे देतो.

@छिन्नी : पादुआचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. थिओफ्रास्टस हा वनस्पतींवर शास्त्रीय ग्रंथ लिहिणारा प्राचीन ग्रीक विद्वान होता, आणि लेबनॉनच्या देवदारापासून भिंतीत उगवणाऱ्या झुडपापर्यंत सर्व वनस्पतींविषयी सॉलोमन बोलला असे बायबल सांगते. ते दोघे तिथे आहेत ते वनस्पतींच्या नात्याने. मूर यांच्याविषयी आपण लिहिलेला परिच्छेद सुंदर आहे, पण त्यासाठी क्यूच लागते असे नाही. इंग्लंडमधल्याच यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये मूर यांची शिल्पे झाडांच्या आणि चरणाऱ्या मेंढ्यांच्या सोबतीने उभी आहेत. ती जागा शिल्पांसाठीच आहे, तिथे नोंदणी क्रमांक असलेली दुर्मीळ झाडे स्पर्धेत उतरवावी लागत नाहीत.

@अनवट : ‘द हाइव्ह’ उचलून आणले हे खरे, पण क्यूच्या मधमाश्यांशी जोडल्याने आणि कुरणात ठेवल्याने त्याचा अर्थ वाढला. ते पुन्हा चौकात नेले तर तेवढा अर्थ कमी होईल, म्हणून ते कसोटीवर उतरते. शिल्प कुठे घडले हे मी विचारलेच नव्हते. तिकिटांच्या मुद्द्यावर मात्र माझी भूमिका कठोर आहे. संग्रह जगवण्यासाठी पैसा लागतो हे मान्य, पण गर्दी कशासाठी आली याची नोंद उद्यान घेत नसेल, तर पुढच्या अंदाजपत्रकात शिल्पांचा खर्च वाढतो आणि माळी कमी होतात. जाणकारांपुरते उद्यान राखा असे मी कुठेही म्हटलेले नाही. एखाद्या नवख्याला त्या सायकॅडची गोष्ट नीट सांगितली, तर तोही तिथे थांबेल.

@खोडकीड : मुळांचा मुद्दा माझ्या मांडणीत यायला हवा असा आहे. त्यावर एक उत्तर लाकडात काम करणारे शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी २०१२-१३ मध्ये क्यूमध्येच दिले होते. मेलेली किंवा काढावी लागणारी झाडे घेऊन त्यांनी उद्यानातच लाकूडकामाची जागा मांडली आणि तिथल्या तिथे शिल्पे घडवली. ज्या मातीत झाड वाढले, त्याच मातीवर त्याचे शिल्प झाले. अशा कामांसाठी क्रेन आली तरी माझी तक्रार नाही.

खोडकीड

नॅश यांचे काम मला आवडते, पण क्रेन कोणत्या हेतूने आली याच्याशी मातीला कर्तव्य नसते. मेलेले खोड काढतानाही शेजारच्या जिवंत झाडाची मुळे दबतात. हेतू पाहून सूट देऊ नये.

छिन्नी

पादुआच्या पुतळ्यांबद्दलचे उत्तर चोख आहे, तो मुद्दा मी सोडतो. कसोटीला मात्र अजूनही विरोध आहे, कारण ती शिल्पाचे मोजमाप उद्घाटनाच्या दिवशी करते.

जर्मन कलाकार जोसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात ७००० वृक्ष लावण्याचे काम हाती घेतले. त्यांत ओकची झाडे सर्वाधिक होती, आणि प्रत्येक रोपाशेजारी बसाल्टचा एक उभा दगड रोवायचा होता. सगळे दगड आधी संग्रहालयासमोर ढीग करून ठेवले होते, आणि एक झाड लावले की ढिगातला एक दगड कमी व्हायचा. त्या वेळी लोकांना दिसला तो दगडांचा ढीग, आणि बरेच जण त्यावर चिडले. १९८६ मध्ये बॉइस गेले आणि १९८७ मध्ये शेवटचे झाड त्यांच्या मुलाने लावले. सुरुवातीला रोपट्याहून भारदस्त दिसणारा दगड आज मोठ्या झालेल्या झाडाच्या बुंध्याशी किरकोळ दिसतो. त्या काळी धागाकर्त्यांची कसोटी लावली असती तर शिल्पाने झाडाला झाकले असाच निकाल लागला असता.

कुसामांच्या भोपळ्यांनाही आपण एका ओळीत गर्दी खेचणाऱ्यांत बसवले. त्या वाढल्या मात्सुमोतोमध्ये, बी-बियाणे आणि रोपे विकणाऱ्या कुटुंबात. भोपळा त्यांनी शेतात पाहिलेला आहे, आणि जन्मभर त्या तोच रंगवत, घडवत आल्या आहेत. न्यूयॉर्कच्या उद्यानात तो आला तेव्हा त्याचे मूळ त्याला परत भेटले असे मी म्हणेन, आपण त्याला चौकात नेता येणारी वस्तू म्हणाल. कोणते नाते खरे आणि कोणते वरवरचे, हे ठरवणारी समिती नेमली तर तिच्यात आपण आणि मी दोघेही असू, आणि आपले एकमत होणार नाही.

खोडकीड यांनी सांगितलेली बारा पट त्रिज्या मात्र मी विनाअट मान्य करतो. ती मोजता येते आणि कोणत्याही शिल्पकाराला करारात लिहून देता येते. रात्रीच्या दिव्यांवरही वेळेची मर्यादा घालावी. त्यापलीकडे काय ठेवावे आणि काय नको, हे प्रत्येक उद्यानाने स्वतः ठरवावे, आणि चुकले तर पुढच्या वर्षी शिल्प हलवावे, अर्थात माती कोरडी असताना.