रचनावाद म्हणजे शिकवायचंच नाही असं नाही
कुणीतरी लिहिलंय की ज्ञानरचनावाद (मूल आपल्या अनुभवातून स्वतःच ज्ञान रचतं, हा शिकण्याबद्दलचा विचार) म्हणजे शिक्षकाने गप्प बसायचं, पोरं आपली आपण शिकतात. असं नाहीये हो! रशियन मानसशास्त्रज्ञ वायगोत्स्कीचं म्हणणं बघा, मुलाला एकट्याला जमतं ते आणि कुणाच्या मदतीने जमतं ते, या दोन्हीच्या मधे जी जागा असते तिथे शिकवण्याचा खरा उपयोग होतो. माझी भाची 42 मधून 17 वजा करून 35 लिहायची, मोठ्या अंकातून लहान अंक घालवायचा (म्हणजे 7 मधून 2) एवढंच डोक्यात बसलेलं. मग आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या आणि विचारलं, आता यातल्या 17 मला दे, तर सुट्या दोनच काड्यांकडे बघत बसली जरा वेळ आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. ते रबर मी काढलं असतं तर तिला हातचा कळलाच नसता, पण गठ्ठे बांधून नेमका तो प्रश्न विचारणं हे शिकवणंच आहे ना?