मदत हवी आहे: तिसऱ्या पक्षाला मत देऊन पद्धत बदलते का? (अमेरिका)

मंडळी,
गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. राहतो न्यू जर्सीत, एडिसनजवळ. दोन्ही मोठ्या पक्षांचा वीट आलाय, म्हणून यापुढे तिसऱ्या कुणाला तरी मत द्यावं आणि शनिवार-रविवार त्यांचं कामही करावं असं मनात आहे. ते निवडून येतील इतका भाबडा मी नाही. पण अशी मतं वाढली तर ‘दोघांतलाच एक घ्या’ ही पद्धत बदलायला काही हातभार लागतो का?

मेव्हणा पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्या मते हे निव्वळ मतं खाणं. लगेच २००० सालचं फ्लोरिडा काढतो: बुश ५३७ मतांनी पुढे आणि ग्रीन पक्षाच्या नेडरना तिथे ९७ हजारांवर मतं. मी म्हटलं, ती मतं काय डेमोक्रॅट गोरची जहागीर होती? तरी आकडा बोचतोच. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरोंना जवळपास १९ टक्के मतं पडली, पण अध्यक्ष ठरतो त्या राज्यवार मतांत, म्हणजे इलेक्टोरल कॉलेजमध्ये, भोपळा. पद्धत जिथल्या तिथे.

मग वेळ आणि पैसा पक्षात घालू, की मतदानाची पद्धत बदलायला निघालेल्यांच्या मागे? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगा. ‘मत वाया जाईल’ हे मेव्हण्याने फुकटात सांगून झालंय.

ऑकलंडकर:
आमच्याकडे न्यूझीलंडमध्ये उपयोग झाला, पण आडवळणाने. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांवर मतं आणि ९२ पैकी २ जागा. लोकांना हे खटकलं. पण खरं दुखणं वेगळं होतं: १९७८ आणि १९८१, दोन्ही वेळा दोन मोठ्या पक्षांपैकी लेबरला नॅशनलपेक्षा जास्त मतं पडूनही सत्ता नॅशनलकडे. मोठ्या पक्षाचाच पाय चिमटला, तेव्हा लेबरने सत्तेत आल्यावर आयोग नेमला. १९९३ च्या सार्वमतात पद्धत बदलली, १९९६ पासून मतांच्या प्रमाणात जागा. सोशल क्रेडिटची मात्र तोवर पार रया गेली होती.

जुना_पदवीधर:
अमेरिकेतल्याच मेन राज्याचं बघा. २०१० मध्ये रिपब्लिकन लपाज ३८ टक्क्यांच्या आतच गव्हर्नर झाले, कारण अपक्ष कटलर ३६ टक्क्यांच्या आसपास आणि डेमोक्रॅट तिसऱ्या नंबरवर. त्या चिडीतून पसंतीक्रमाने मतदानाच्या मागणीला जोर आला आणि २०१६ मध्ये सार्वमतात ती मंजूर झाली. गंमत म्हणजे राज्यघटनेच्या अडचणीमुळे गव्हर्नरच्या मुख्य निवडणुकीलाच ती लागू नाही!
ही पद्धत आपल्याला नवी नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहितो, तीच. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं, मग मतं खायचा प्रश्न बराच कमी होतो. पण हुरळू नका. २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन, चारही ठिकाणी असले प्रस्ताव पडले. शिवाय न्यू जर्सीत सह्या गोळा करून प्रश्न थेट राज्याच्या मतपत्रिकेवर नेता येत नाही. विधिमंडळातूनच जावं लागतं, आणि तिथे बसलेत कोण? तेच दोघे.

पिट्सबर्गची_माई:
अध्यक्षपदासाठी तुम्ही बिनधास्त द्या, १९८८ नंतर न्यू जर्सीत रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही. मेव्हण्याला मात्र नावं ठेवू नका. २०१६ मध्ये इथे पेनसिल्व्हेनियात ट्रम्प आणि क्लिंटन यांच्यातला फरक ४४ हजारांचा आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना जवळपास ५० हजार मतं. आम्ही त्या आठवड्यात घरात एकमेकांशी बोलत नव्हतो.

मूळ धागाकर्ता:
सर्वांचे आभार. सह्यांचा मार्गच बंद आहे हे ठाऊक नव्हतं, मी क्लिपबोर्ड विकत घेऊन बसलो होतो. माई, मेव्हण्याला तुमचा प्रतिसाद दाखवणार नाही, डोक्यावर बसेल. म्हणजे मत तिसऱ्याला, पण शनिवार राज्याच्या आमदारांमागे, असं दिसतंय. न्यू जर्सीतल्या कुणी आमदाराच्या ऑफिसात या विषयावर वेळ मागून पाहिली आहे का? एकट्याने जावं की दहा-बारा मतदार घेऊन?