पार्किंगमधला ऑइलचा डाग

मेघना, बी-३०२: खालच्या पार्किंगमध्ये ऑइल कुणाच्या गाडीचं सांडतंय? काल आई घसरता घसरता वाचली.

अमोल, ए-५०१: सॉरी ताई, माझंच. पुठ्ठा टाकलाय. गॅरेजवाला म्हणतो इंजिनाचं मागचं, ऑइल अडवणारं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट लोणी जमलंय, म्हणजे म्हणे हेड गॅस्केटही (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनातलं पॅकिंग) गेलं 😟

देशपांडे, सी-१०४: थांब रे. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, काय दिसतंय? कूलंटच्या बाटलीत?

अमोल: डिपस्टिकवर साधं काळं ऑइल. कूलंट हिरवंगार, लेव्हल तीच.

देशपांडे: मग हेड गॅस्केट इतक्यात खोलू नकोस. गाडी किती फिरते?

अमोल: मुलीची शाळा, दोन किमी. ऑफिसला मेट्रो.

देशपांडे: तरीच! पिस्टनच्या रिंगांमधून थोडा जळका वायू खाली ऑइलपर्यंत उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात पाण्याची वाफ असते. पीसीव्ही नावाचा छोटा व्हॉल्व्ह हा वायू ओढून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवा घ्यायच्या वाटेत, परत जाळायला पाठवतो. पूर्वी नुसती नळी असायची, सगळं रस्त्यावर! कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून हा व्हॉल्व्ह बसायला लागला. पण इंजिन गारच राहिलं तर वाफ झाकणाला धरते, गरम भाताच्या डब्यासारखी. तेच तुझं लोणी.

मेघना: काका, माझ्या गाडीचा टेम्परेचरचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो.

देशपांडे: तो कूलंटचा काटा. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. काही गाड्यांत ऑइल कूलर कूलंटवरच चालतो, तो सकाळी ऑइलला ऊब देतो आणि घाटात गार करतो. त्याचं सील फाटलं की बाटलीत चॉकलेट दूध दिसतं, म्हणून बाटली विचारली.

अमोल: आणि गळती?

देशपांडे: व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब कोंडतो आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. आधी व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून बघ, खुळखुळला पाहिजे.

अमोल (शनिवार): काका, व्हॉल्व्ह अगदी मुका! चिकटून बसला होता. नवा टाकला, नळी धुतली, ऑइलही बदललं. आता रात्रभरात दोनच थेंब. सील बघू पुढच्या महिन्यात. रविवारी गाडी घेऊन सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो, कुणी येतंय?

मेघना: आधी तो पुठ्ठा बदल.