मदत हवी आहे: आपत्तिग्रस्तांच्या आलेखात 33 कोटींचा सुळका

पर्जन्यछाया:
मंडळी, भारतात नैसर्गिक आपत्तींची झळ दर वर्षी किती लोकांना बसते, याचा 1970 पासूनचा आलेख करायचा आहे. एम-डॅटवर (जगभरच्या आपत्तींच्या नोंदींचा साठा) नोंदणी करून एक्सेल फाइल उतरवली, फिल्टर लावून फक्त भारत ठेवला. पिव्हट टेबलात (एक्सेलमधला गटवार बेरजेचा तक्ता) ओळींना 'स्टार्ट इयर' आणि बेरजेला 'नंबर अफेक्टेड', 'नंबर होमलेस', 'टोटल अफेक्टेड' हे तीन रकाने घेतले. तिन्हींची मिळून एक रेघ काढली, तर 1972, 1987, 2002 आणि 2015-16 चे दुष्काळ आभाळाला टेकतात नि बाकी सगळं तळाशी चिकटतं. 2001 चा भूजचा भूकंप दिसतच नाही! फाइल बिघडली आहे का? लॉग स्केल (प्रत्येक पायरी आधीच्या दहापट अशी मोजपट्टी) लावून भागेल?

दशांश:
फाइल ठीक आहे, बेरीज चुकली आहे. 'टोटल अफेक्टेड' म्हणजेच जखमी + बाधित + बेघर. तुम्ही तेच लोक दोनदा मोजलेत. तो एकच रकाना ठेवा, बाकीचे दोन पिव्हटमधून काढून टाका.

तेवढ्याने सुळका मात्र जाणार नाही, कारण तो खरा आहे. फक्त तो वेगळंच काही मोजतो. एप्रिल 2016 मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की 10 राज्यांतल्या 256 जिल्ह्यांत मिळून सुमारे 33 कोटी लोकांना दुष्काळाची झळ बसली आहे. हा आकडा घरोघर फिरून आलेला नाही, दुष्काळी टापूची लोकसंख्या आहे. त्यात विहीर आटलेला शेतकरी आला, आणि त्याच तालुक्याच्या गावी नळाचं पाणी मिळणारा दुकानदारही आला. भूजचे सुमारे 63 लाख म्हणजे जखमी, पडलेल्या-तडकलेल्या घरांतले लोक. हा आकडा 33 कोटींच्या बावन्नाव्या हिश्शाएवढा आहे, मग दिसणार कसा?

'बाधित' कोणाला म्हणायचं यावर किती फरक पडतो ते 1972 च्या दुष्काळात बघा. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. हजेरीपट धरला तर हा आकडा, पीक बुडालेल्या गावांची वस्ती धरली तर त्याच्या कितीतरी पट. दोन्ही बरोबरच.

लॉग स्केल नको. 63 लाख आणि 33 कोटी शेजारी-शेजारी दिसतील आणि वाचणारा फसेल. त्यापेक्षा:

1. 'डिझास्टर टाइप'वरून दुष्काळ वेगळा काढा, त्याचा स्वतंत्र आलेख. पूर, वादळ, भूकंप दुसऱ्यात. रोगांच्या साथी 'बायोलॉजिकल' गटात असतात, त्या तिसरीकडे.
2. दर लाख लोकसंख्येमागे आकडा काढा. 2001 च्या जनगणनेत आपण 102.9 कोटी होतो, म्हणजे भूज लाखामागे सुमारे 600. 1971 ला 54.8 कोटीच होतो, तेव्हा नुसते आकडे जोडणं चुकीचंच.
3. दुष्काळाला रेघ नको, आडवी पट्टी द्या: सुरू झाला ते संपला. नोंदीचा सगळा आकडा 'स्टार्ट इयर'वर पडतो. पण दोन वर्षांत निम्मा-निम्मा वाटू नका, दोन्ही वर्षी लोक तेच होते.

गाळणी:
वरचं सगळं मान्य, पण 1970 पासून सुरुवात करूच नका. क्रेड या संशोधन केंद्राने एम-डॅटचा हा साठा 1988 मध्ये सुरू केला. आधीच्या नोंदी मागाहून जमवलेल्या आहेत, लहान पूर त्यात आलेच नाहीत. म्हणून आलेख चढता दिसतो, आणि लोक लगेच 'आपत्ती पाचपट वाढल्या' असं लिहून मोकळे होतात. फाइलमध्ये 2000 पूर्वीच्या नोंदींना 'हिस्टॉरिक' अशी खूण आहे ती याचसाठी. 2000 पासून घ्या.

दुसरं, रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे, आकडा मिळाला नाही. पिव्हट ती बेरजेत गुपचूप गिळतो. बेरजेशेजारी त्याच रकान्याचा 'काउंट' आणि एकूण नोंदींचा 'काउंट' लावा. 14 नोंदींपैकी 6 मध्येच आकडा असेल, तर ते वर्ष फिक्या रंगात दाखवा. उष्णतेच्या लाटेत हे हमखास होतं: मृत्यू लिहिलेले, बाधित कोरे.

शिवाय नोंद व्हायला 10 मृत्यू, 100 बाधित, आणीबाणी जाहीर होणं किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची मागणी, यांपैकी एक तरी लागतं. वीज पडून देशात दर वर्षी दोन हजारांवर माणसं जातात, पण एकेक-दोनदोन करून. ती बहुतेक सगळी या चाळणीतून खाली.

पर्जन्यछाया:
दुहेरी बेरीज काढली, दुष्काळ वेगळा केला. आता पूर वाचता येतात, धन्यवाद! दोन शंका. केरळच्या 2018 च्या पुरासाठी एकीकडे 54 लाख आणि दुसरीकडे 14 लाख दिसतात, कोणता घेऊ? आणि पाच वर्षांची सरासरी चालेल का?

दशांश:
54 लाख बाधित, त्यातले 14 लाख घर सोडून गेलेले. बाधितांच्या आलेखात 54. विस्थापितांचा आलेख करायचा तर आयडीएमसीचे (देशांतर्गत विस्थापन मोजणारी संस्था) आकडे घ्या, पण तिथे माणसं नाही, हलण्याच्या खेपा मोजतात. एकच कुटुंब वर्षात दोनदा हललं तर दोनदा. वर्षं जोडली की इथेही तेच: सांगलीतलं नदीकाठचं घर 2019 आणि 2021, दोन्हींत. म्हणून '20 वर्षांत इतके कोटी भारतीय' असं लिहू नका, 'इतके कोटी वेळा' लिहा.

सरासरी नको, एका महापुराने पाचही वर्षं फुगतात. पाच वर्षांचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या आणि मूळ वर्षांचे ठिपके मागे राहू द्या.