सिम्स ऑनलाइन परत उभं करावं का? सल्ला हवाय (बजेट महिना १००० रु.)

अबोली_पुणे
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या ग्रुपमधे पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

२००३ मधे मी एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणारा व्हिसा) न्यू जर्सीत होते. तेव्हा एच-४ वाल्यांना काम करता यायचं नाही (परवानगी २०१५ मधे आली, तीही सगळ्यांना नाही), गाडी नवऱ्याकडे, बाहेर बर्फ. सिम्स ऑनलाइन म्हणून एक गेम होता, इंटरनेटवर खऱ्या माणसांबरोबर घर थाटायचा, सीडी विकत घ्यायची आणि वर महिन्याला दहा डॉलर. गेममधल्या ब्लेझिंग फॉल्स नावाच्या शहरात आमचं घर होतं, आम्ही आठ जणी रूममेट, त्यात तिघी मराठी, दोन तेलुगू, बाकीच्या अमेरिकन. गेम १ ऑगस्ट २००८ ला बंद झाला.

आता त्यातल्या सहा जणी व्हॉट्सॲपवर परत सापडल्यात. फ्रीएसओ म्हणून एका चाहत्याने त्या गेमचा कोड नव्याने लिहिलाय, २०१७ मधे त्याचं शहर उघडलं होतं तेव्हा मी डोकावून आले होते, पण तिथे सगळे अनोळखी. कोड गिटहब साइटवर सगळ्यांना खुला आहे. तर आमच्यापुरता वेगळा सर्व्हर (गेम चालवणारं मशीन) काढावा का? काढला तर कुठे, पोलिस वगैरे घरी येतील का, आणि मुळात पन्नाशीला आलेल्या बायका हे खरंच खेळतील का की दोन दिवसांत सगळं थंड? भाचा कॉम्प्युटरवाला आहे, तो बसवून देईल म्हणतो. महिना हजाराच्या वर घालवायचे नाहीत, प्लीज.

टेकगुरू७७
ताई, आधी लॅपटॉप कोणता आहे ते सांगा. मी गेल्या दिवाळीत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डवाला घेतला, एक लाख दहा हजार, ३२ जीबी रॅम टाकून घेतली. मख्खन चालतो. गेमिंगला १६ च्या खाली जाऊच नका, नंतर पश्चात्ताप होतो. आणि कूलिंग पॅड घ्या.

खडूस
अहो गेम २००२ चा आहे. पेंटियमवर चालायचा. कूलिंग पॅड कशाला, पंख्याखाली बसतील त्या.

शेवगा
सिम्स ४ फुकट आहे की, ऑक्टोबर २०२२ पासून बेस गेमला पैसे नाहीत. मुलगी खेळते माझी, दिवसभर घरच सजवत बसते, स्वतःची खोली आवरत नाही ते सोडा.

अबोली_पुणे
शेवगा, सिम्स ४ एकटीने खेळायचा आहे गं. त्यातली शेजारीण कॉम्प्युटर असते. मला खरी शेजारीण हवीय.

बे_एरिया_काका
सेकंड लाइफ, तेही असंच ऑनलाइन जग. संपला विषय. आम्ही पहिल्यापासून आहोत तिथे, अजून चालू आहे, स्वतःचं बेट होतं आमचं, तिथले लिंडन डॉलर विकून खरे डॉलर मिळतात. तुमच्या त्या सिम्स ऑनलाइनने सगळी कल्पना तिथूनच उचलली आणि पाच-सहा वर्षांत गाशा गुंडाळला.

खडूस
काका, सिम्स ऑनलाइन डिसेंबर २००२. सेकंड लाइफ जून २००३. कोणी कुणाकडून उचलली?

बे_एरिया_काका
बीटा (चाचणीची आवृत्ती) त्याच्या आधी होता.

खडूस
बीटा त्यांचाही होता.

कोल्हापुरी_रस्सा
ह्यावरून आठवलं, आमच्या हापिसात फार्मव्हिले ह्या फेसबुकवरच्या शेतीच्या गेमनं धुमाकूळ घातला होता. २०१० च्या आसपास. साहेब मीटिंग मधेच सोडून उठायचे, आम्हाला वाटायचं क्लायंटचा फोन, तर स्ट्रॉबेरी वाळायला आलेली असायची. खरी शेती गावाकडं पडीक आणि हितं ट्रॅक्टरला डिझेल मागत फिरायचं शेजाऱ्याकडं. तेपण बंद केलं २०२० च्या ३१ डिसेंबरला, ज्यावर चालायचं ते फ्लॅश सॉफ्टवेअरच गेलं म्हणून. ते कोण चालू करत असेल तर सांगा, माझा एक गोठा अर्धा राहिलाय.

घाटमाथा
कायद्याचं बोलतो. ताई, जपून. क्लब पेंग्विन हा पोरांचा ऑनलाइन गेम डिस्नेने २०१७ मधे बंद केला, मग चाहत्यांनी रीरिटन म्हणून काढला, लाखो पोरं खेळायची. एप्रिल २०२२ मधे एक दिवस साइट उघडली तर लंडन शहर पोलिसांचा बोर्ड, तिघांना पकडलं होतं. कॉपीराइट. माझ्या मते नको त्या भानगडीत पडू नका.

निवांत
घाटमाथा, अर्धीच गोष्ट सांगताय. सिटी ऑफ हीरोज हा गेम २०१२ ला बंद झाला, चाहत्यांनी होमकमिंग नावाने चालवला आणि जानेवारी २०२४ मधे एनसीसॉफ्टने (मूळ कंपनीने) त्यांना रीतसर लायसन्सच दिलं. म्हणजे कंपनीचं मन फिरतं. शिवाय युरोपात स्टॉप किलिंग गेम्सवाल्यांनी दहा लाखांच्या वर सह्या जमवल्या २०२५ मधे, द क्रू नावाचा गेम युबिसॉफ्टने बंद केला त्यावरून पेटलं ते. लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू कंपनीने बटण दाबून काढून घ्यायची ही कसली पद्धत? उद्या फ्रिज बंद करतील.

घाटमाथा
सह्यांनी कायदा होत नाही.

निवांत
कायद्याची सुरुवात कुठून होते मग?

खडूस
ताईंना सहा जणींसाठी सर्व्हर हवाय. युरोपियन युनियन नकोय.

सर्व्हरवाला
शांतपणे वाचलं सगळं. मी असले दोन-तीन जुने गेम मित्रांसाठी चालवतो, त्यावरून लिहितो.

घरच्या ब्रॉडबँडवर ठेवू नका. आपल्याकडे बरेच प्रोव्हायडर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतच नाहीत, एकाच आयपीमागे शंभर घरं असतात, म्हणजे बाहेरच्या माणसाला तुमचा सर्व्हर सापडणारच नाही. माझ्या प्रोव्हायडरने स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचे वेगळे पैसे लावले आणि चार महिन्यांनी न सांगता बदलला. त्यापेक्षा छोटा व्हीपीएस (कंपनीच्या मशीनवरचा सर्व्हर) भाड्याने घ्या. कोड सी-शार्प भाषेत आहे आणि मागे डेटाबेस लागतो, दहा-बारा लोकांसाठी दोन-चार जीबी रॅम बास. तुमच्या हजारात बसेल, फक्त डॉलरमधे बिल येत असेल तर जीएसटी आणि बँकेचं मार्कअप धरा, तिथे लोक फसतात. लोकेशन मुंबई घ्या, स्वस्त पडलं तर सिंगापूर. अमेरिकेतून क्लिक थोडं उशिरा पोचेल, पण ह्या गेममधे गोळ्या झाडायच्या नाहीत, सिम (गेममधलं आपलं माणूस) उठून फ्रिजपर्यंत जायलाच त्याहून जास्त वेळ घेतो.

कायद्याचं: कोड त्यांनी स्वतः लिहिलेला आहे पण चित्रं, फर्निचर, आवाज हे सगळं मूळ गेमच्या फायलींतून येतं, ते ईएचं (मूळ गेमच्या कंपनीचं) आहे. म्हणजे अगदी स्वच्छ प्रकरण नाही. पासवर्डच्या आत ठेवा, जाहिरात करू नका आणि कुणाकडून एक पैसाही घेऊ नका, भाड्याची वर्गणीसुद्धा नको, तुम्ही एकट्या भरा. आणि डेटाबेसचा बॅकअप रोज, दुसऱ्या मशीनवर.

आर्या१२
+१ सर्व्हरवाला. बॅकअप महत्त्वाचा.

टेकगुरू७७
+१. बॅकअपसाठी एसएसडी घ्या, एक टीबी. मी दोन घेतल्या सेलमधे.

मीनू_एडिसन
अगं अबोली!! मी गेममधल्या अल्फाव्हिल शहरात होते! त्याच सुमारास, मीपण एच-४ वर. आमच्याकडे नुसता गुंडांचा बाजार, नवीन माणूस आला की त्याला घरात बोलावून लुटायचे, कोणी स्वतःला माफिया म्हणवायचे, कोणी छुपं सरकार. मिशिगन विद्यापीठातले एक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पीटर लडलो, ह्यावर अल्फाव्हिल हेरल्ड नावाचं पेपरसारखं काहीतरी चालवायचे, २००३ च्या डिसेंबरमधे त्यांचंच अकाउंट बंद केलं कंपनीने, न्यूयॉर्क टाइम्समधे आलं होतं ते. आम्ही केवढं मिरवलं, आमच्या गावाची बातमी आली म्हणून.

पण खरं सांगू का, गेम म्हणून अतिशय बोअर होता. आठव ना, स्वयंपाकाचं स्किल वाढवायचं म्हणजे पुस्तक घेऊन खुर्चीत बसवायचं सिमला आणि बघत राहायचं. शरीर, लॉजिक, मेकॅनिकल, सगळ्याचं तेच. पैसे मिळवायचे तर जॅमच्या बरण्या भर, नाहीतर बागेतले बुटक्यांचे पुतळे बनव, तासन्तास. हाताला काही काम नाही म्हणून तर आपण टाइप करत बसायचो. आणि त्यांनी गोम अशी केली होती की एका घरात जितकी जास्त माणसं बसतील तितकं स्किल लवकर वाढायचं, म्हणून अनोळखी घरात जाऊन बसावंच लागायचं. माझी सगळी अमेरिकन भाषा मी त्या खुर्च्यांवर शिकले. सासूबाईंपासून ग्रीन कार्डापर्यंत सगळं बोललोय आम्ही सिमचे बार हिरवे होईस्तोवर.

आता ते होईल का? आता बोअर झालं की प्रत्येकीच्या हातात फोन आहे.

शेवगा
तेच तर. अबोली, मला वाटतं तुला गेम नकोच आहे, तुला ते दिवस परत हवेत. ते कुठल्या सर्व्हरवर मिळणार?

अबोली_पुणे
ते दिवस कोणी फुकट दिले तरी घेणार नाही मी. रडायचे मी तेव्हा. बाथरूमचा नळ सोडून, आईला फोनवर कळू नये म्हणून. मला गेममधलं पिझ्झा मशीन हवंय.

मीनू, तू अल्फाव्हिलची!! आम्ही तुमच्याकडे यायला घाबरायचो. पिझ्झा आठवतो का? चार जणी लागायच्या, वेगवेगळी स्किल लागायची, एकीने जरी लक्ष काढलं की पिझ्झा गेला. तिथे फोन बघता येणार नाही कुणाला. म्हणून म्हणते बाकी काही नको, पिझ्झाच.

मीनू_एडिसन
पिझ्झा!!! आमची एक अँकोव्हीसाठी ओरडायची सगळ्या कॅप्समधे.

निवांत
हे मीनूताई म्हणाल्या तेच मला म्हणायचं होतं. बाय द वे, शेवटी शेवटी ईएने काय काय करून बघितलं, फेब्रुवारी २००८ मधे नाव बदलून ईए-लँड केलं, शहरं एकत्र केली, फुकट खेळायची सोय केली, आणि एप्रिलच्या शेवटी बंद करतोय म्हणून जाहीर. म्हणजे लोकांनी डागडुजी बघेपर्यंत पाडकामाची नोटीस. स्टॅनफर्डच्या लोकांनी शेवटच्या क्षणांचं रेकॉर्डिंग जपून ठेवलंय, इंटरनेट अर्काइव्हवर बघायला मिळेल.

खडूस
बघितलंय मी. माणसं एकमेकांना बाय म्हणतायत आणि मग एरर येते. गेम बुडाला तो बॉट्समुळे. लोक प्रोग्राम लावून झोपायचे आणि सकाळी लखपती, मग सिमोलियनला (गेममधल्या पैशाला) किंमत काय राहणार. ताई, तुमच्या सर्व्हरवर भाच्याला खेळू देऊ नका.

बे_एरिया_काका
सेकंड लाइफमधे हा प्रॉब्लेम नाही.

खडूस
बरं.

उगाच_एक
सगळा धागा वाचला नाही. सिम्स ४ फुकट आहे, ते का नाही खेळत?

आर्या१२
रोबलॉक्स पण आहे. माझा मुलगा मित्रांबरोबर रोज खेळतो, घर बिर सगळं असतं त्यात.

घाटमाथा
रोबलॉक्समधे पोरांच्या नादाला कोण लागणार. पन्नाशीच्या बायका तिथे दिसल्या तर तेच रिपोर्ट करतील. दिवे घ्या (गंमत केली).

सर्व्हरवाला
अबोलीताई, एक राहिलं. असे प्रयोग तांत्रिक कारणाने मरत नाहीत, वेळ न जुळल्याने मरतात. सर्व्हर चोवीस तास चालू ठेवला की प्रत्येक जण येतो, कोणी दिसत नाही, परत जातो. चार वेळा रिकामं घर बघितलं की पाचव्यांदा कोणी येत नाही. ठरवून आठवड्यातून एकदाच उघडा, दोन तास, मग बंद. भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा धरला तर त्यांची शनिवार रात्र साडेनऊ म्हणजे आपली रविवार सकाळ सात.

बे_एरिया_काका
नोव्हेंबरपासून आठ. घड्याळं बदलतात इकडे. आणि वेस्ट कोस्टचं कोणी बघतच नाही.

अबोली_पुणे
सगळ्यांचे आभार. निर्णय सांगते, रागावू नका.

काल मीनूशी दोन तास फोनवर बोलले. व्हीपीएस घेत नाहीये. सर्व्हर तिच्या बेसमेंटमधे, तिच्या मुलाचं कॉलेजला जाताना सोडून गेलेलं मशीन आहे त्यावर. तिला पब्लिक आयपी मिळतो, आणि आमच्या सहापैकी चौघी त्याच बाजूला आहेत, मग मुंबईत कशाला. भाडं नाही, वर्गणी नाही, त्यामुळे माझे हजारही वाचले. सेकंड लाइफ नाही काका, तिथे काय काय दिसतं ते भाच्याने दाखवलं आणि आम्ही दोघंही खाली बघत बसलो. स्किल वगैरे भाचा सगळ्यांना आधीच भरून देणार होता, ते मी नको म्हणाले, खुर्चीत बसूनच वाढवायचं. वेळ मात्र सर्व्हरवाला म्हणतात तीच, रविवारी सात ते नऊ. घरच्यांना सांगून ठेवलंय की पोहे नऊनंतर.

सर्व्हरवाला
बेसमेंट? ताई, एवढं लिहिलं मी. डेटाबेस चालू असताना लाईट गेली तर घरं उडतील सगळी. मीनूताई, यूपीएस आहे का निदान?

मीनू_एडिसन
अहो इथे लाईट नाही जात.

खडूस
ऑगस्ट २००३. अर्धा ईशान्य अमेरिका अंधारात. न्यू जर्सीचा वरचा भागसुद्धा.

मीनू_एडिसन
कधीतरी एकदा हो. बरं, घेते. कुठला घेऊ?

टेकगुरू७७
मी ११०० व्हीए वाला घेतलाय. पण बॅटरी दीड वर्षात गेली, ती कुठून बदलायची ह्यावर वेगळा धागा काढतोय, तिथे या.

कोल्हापुरी_रस्सा
फार्मव्हिलेचं कुणी बोललंच नाही.