दौंडजवळ रोज ४ टनांचा सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्प: प्रेसमड (उसाच्या रसातून गाळलेला गाळ) पुरेल का?

भीमाकाठ: सल्लागाराच्या अहवालात रोज ५,००० टन गाळपाचा एकच कारखाना धरलाय आणि पुढे 'प्रेसमड मुबलक' एवढंच लिहिलंय. आसपास आणखी प्रकल्प येताहेत. माल कमी पडला तर पुण्याचा ओला कचरा आणून भागेल का?

चिपाड: मुबलक कसलं! १ टन सीबीजीला साधारण २५ टन प्रेसमड लागतं. म्हणजे रोज १०० टन, ३३० दिवसांचे ३३,०००. कारखाना १५० दिवस पूर्ण क्षमतेने चालला आणि उसाच्या साडेतीन टक्के प्रेसमड निघालं, तरी होतात २६,२५०. त्यातलंही सगळं हाती येत नाही. डिस्टिलरी त्यात स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) मुरवून कंपोस्ट करते, सभासद शेतात नेतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी हंगाम १०० दिवसांत आटोपतो.
गॅस खपेल. २०२५-२६ पासून सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये १ टक्का सीबीजीचं मिश्रण सक्तीचं झालंय, २०२८-२९ ला ते ५ टक्के होईल. पण सक्तीने प्रेसमड वाढत नाही, त्याचा भाव वाढतो.

गाळ_आणि_गॅस: साठ्याचं कुणी बोलत नाही. उघड्या ढिगात प्रेसमड तापतं आणि गॅस व्हायचा माल तिथेच जळतो. दाबून, हवा न शिरेल असं झाका. करारात दर नुसत्या वजनावर नको, व्होलाटाइल सॉलिड्सवर (ज्यातून गॅस होतो त्या सेंद्रिय भागावर) ठेवा. नाहीतर पाणी आणि मातीचे पैसे भराल.
ओला कचरा म्हणजे वेगळी लाइन: निवड, पल्पर (लगदा करणारं यंत्र), वाळू काढणं. पिशव्यांच्या चिंध्या अ‍ॅजिटेटरला (टाकीतल्या ढवळणीला) गुंडाळल्या की टाकी उघडावी लागते. खाद्य एकदम बदलू नका, दोन-तीन आठवडे घ्या. फॉस-टॅक (टाकीतल्या आम्लांचं क्षारतेशी गुणोत्तर) ०.४ च्या वर चढला की भरणी कमी करा.

भीमाकाठ: मोशीचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प कचरा ओढणार नाही ना?

चिपाड: तो १४ मेगावॉटचा, जाळण्याचा. त्याला सुका कचरा हवा, ओला मिसळला की उष्मांक पडतो. तुमची खरी चढाओढ हॉटेलांच्या स्वच्छ ओल्या कचऱ्यासाठी. (जाळणारेही सुटले नाहीत म्हणा: भट्ट्या भरायला कचरा आयात करावा लागत होता, म्हणून डेन्मार्कने २०२० मध्ये क्षमता ३० टक्के घटवायचं ठरवलं.)

गाळ_आणि_गॅस: ४ टनांचा एकच संच घेऊ नका, २ अधिक २ करा. अर्ध्या भारावर २५० बारचा कॉम्प्रेसर गॅस नुसता फिरवत बसतो, विजेचं बिल मात्र फारसं उतरत नाही. दुसऱ्या संचाचा पाया आत्ताच घाला. यंत्रं मागवा ती दुसऱ्या कारखान्याशी लेखी करार झाल्यावर.