लेकीसाठी डीएसएलआर : आमच्या सोसायटी ग्रुपवर

कदम (ए-४०२): नमस्कार मंडळी. लेकीला डीएसएलआर हवाय, खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढायचेत म्हणते. ओळखीतले एक जण कॅनन १५००डी विकताहेत, १८-५५ लेन्ससकट. २४ मेगापिक्सेल आहे. घेऊ का?

रोहन (बी-१०३): काका, मेगापिक्सेल सोडा, माझ्या फोनला ५० आहेत 😀 याचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) मोठा आहे, साधारण २२ बाय १५ मिमी. फरक तिथे पडतो, कमी उजेडात फोटो कमी खरखरीत येतो. पण फ्लेमिंगोला १८-५५ काही कामाची नाही, लेन्सचा हा मिमीचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. गुलाबी ठिपके दिसतील फक्त.

कुलकर्णी काकू: आमच्या नातवाच्या फोनमध्ये चंद्रसुद्धा येतो हो

रोहन (बी-१०३): काकू, त्यात चंद्र किती आणि फोनची कलाकुसर किती ते विचारू नका 😄

मीनल (सी-२०१): कदमकाका, मी १५००डी वापरलाय. फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा फोकस धरू शकतो त्या जागा, ९, त्यात मधला तेवढा भरवशाचा. सेकंदाला ३ फोटो. बसलेला पक्षी मस्त येतो, उडाला की हुकतो. स्क्रीन फिरत नाही, त्यामुळे पाण्यालगतचा फोटो हवा तर चिखलात आडवं व्हायचं. माइक लावायची सोय नाही, रील्सचं वेड असेल तर घेऊच नका. पण भर उन्हात व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बघायची मजा फोनला नाही. फक्त त्यात ९५ टक्केच दिसतं, कडेला नको ती वायर फोटोत घुसते.

कदम (ए-४०२): मग निकॉन डी३५००?

रोहन (बी-१०३): ११ पॉइंट, सेकंदाला ५ फोटो. बॅटरी तर दीड हजार फोटोंची, १५००डीची ५००. बॉडीत फोकस मोटर नाही मात्र, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात.

सचिव: उद्या टाकी सफाई, ११ ते ३ पाणी बंद. कॅमेऱ्याचं कृपया पर्सनलवर बोला.

कुलकर्णी काकू: बोलू द्या हो, गणपतीत फोटो कोण काढणार?

मीनल (सी-२०१): गणपतीला ५० एमएम १.८ लेन्स घ्या. १.८ हा लेन्स किती उघडते त्याचा आकडा, लहान तेवढा उजेड जास्त. १८-५५ पूर्ण झूम केली की ५.६ वर येते, १.८ ला त्याच्या नऊपटीहून जास्त उजेड आत येतो. हॉलच्या ट्यूबलाइटमध्ये आरतीचे हात धूसर येत नाहीत. फ्लेमिंगोला ५५-२५०, या सेन्सरवर ती फुल-फ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ४०० सारखी चालते. माझं मत विचाराल तर बॉडी जुनी घ्या, पैसे लेन्सला ठेवा.

देसाई आजोबा: बुरशी बघा आधी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला लागतेच. मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर हात जोडा.

कदम (ए-४०२): डीएसएलआर बंद होताहेत म्हणे?

रोहन (बी-१०३): कंपन्या मिररलेसकडे, म्हणजे डीएसएलआरमधला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यात, म्हणून तर जुने स्वस्त मिळतात. कॅननच्या या लेन्स उद्या अडॅप्टर लावून त्यांच्या आरएफ (नव्या लेन्स-जोडणीच्या) मिररलेसवर चालतील.

कदम (ए-४०२): शनिवारी त्यांना खाली बोलावतो. मीनल, तुमची ५५-२५० आणाल? लेकीला लावून बघू दे.

मीनल (सी-२०१): आणते की. बॅटरी आणि चार्जर ओरिजिनल आहेत का, तेवढं आजच विचारून ठेवा.